सेवाग्रामचे बापू आणि त्यांचा थोरला

हरिलाल हे मोहनदास आणि कस्तुरबा गांधींचे थोरले चिरंजीव. जन्म १८८८चा. वडिलांच्या हत्येनंतर साडेचार महिन्यांनी, १८ जून १९४८ रोजी, मुंबईत त्यांचे निधन झाले. या बापलेकांच्या तुटलेल्या नात्यावर दिनकर जोशी यांनी ‘प्रकाशनो पडछायो’ ही गुजराती कादंबरी लिहिली. पुढे या विषयावर मराठी आणि इंग्रजी नाटक झाले आणि ३ ऑगस्ट २००७ रोजी फिरोज अब्बास खान यांचा ‘गांधी, माय फादर’ हा हिंदी चित्रपट पडद्यावर आला. घरातल्या भांडणाच्या गोष्टीत सहसा कोणीतरी एक चुकलेला असतो आणि प्रेक्षकाचे काम सोपे होते. इथे ती सोय नाही.

भांडणाचे मूळ दक्षिण आफ्रिकेत आहे. १९०६मध्ये हरिलाल यांनी गुलाब व्होरा यांच्याशी लग्न केले, वडिलांच्या मनाविरुद्ध. तरी पुढे ते वडिलांच्याच सत्याग्रहात उतरले, वारंवार तुरुंगात गेले, लोक त्यांना ‘छोटे गांधी’ म्हणू लागले. त्यांना बॅरिस्टर व्हायचे होते. गांधींच्या एका मुलाला विलायतेत शिकवण्याचा खर्च उचलायला त्यांचे मित्र डॉ. प्राणजीवन मेहता तयार होते. गांधींनी मात्र पुतण्या छगनलाल यांना पाठवले आणि ते आजारपणामुळे परतल्यावर सोराबजी अडाजानिया यांना. जे इतरांना मिळत नाही ते आपल्या मुलाला द्यायचे नाही, हा त्यांचा नियम. तो नियम उदात्त होता आणि मुलाच्या बाजूने पाहिले तर अन्यायाचाही. १९११मध्ये हरिलाल वेगळे झाले. १९१५मध्ये त्यांनी वडिलांना लिहिलेले लांबलचक पत्र छापूनच काढले. १९१८च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत गुलाब गेल्या आणि हरिलाल यांचे उरलेसुरले घरही मोडले. दारू आणि कर्ज वाढत गेले.

वर्ध्यात याच नात्याची दुसरी बाजू दिसते. तिथले उद्योगपती जमनालाल बजाज यांनी ‘मला तुमचा पाचवा मुलगा माना’ अशी गांधींना विनंती केली होती आणि गांधींनी ती मान्य केली. त्यांच्याच आग्रहाने गांधी वर्ध्याला आले. जमनालालजींनी दिलेल्या बागेला मगनवाडी हे नाव मिळाले ते छगनलाल यांचे धाकटे भाऊ मगनलाल यांच्यावरून. वडिलांनी आपल्यापेक्षा या चुलतभावांनाच जवळ केले, ही हरिलाल यांची जुनी तक्रार! ३० एप्रिल १९३६ रोजी गांधी वर्ध्याजवळच्या शेगावला गेले. त्याचेच पुढे सेवाग्राम झाले. तिथल्या आदि निवासात सगळे एकाच छपराखाली राहत. कस्तुरबांची कुचंबणा होते हे पाहून जमनालालजींनी त्यांच्यासाठी ‘बा कुटी’ बांधून दिली. १९३६च्याच मे महिन्यात हरिलाल यांनी इस्लाम स्वीकारला आणि अब्दुल्ला हे नाव घेतले. गांधींनी ‘हरिजन’मध्ये जाहीर निवेदन केले, कस्तुरबांनी मुलाला उघड पत्र लिहिले. वर्ष संपण्याआधी हरिलाल आर्य समाजामार्फत हिंदू धर्मात परतले.

मराठी रंगभूमीवर हा विषय अजित दळवी यांच्या ‘गांधी विरुद्ध गांधी’ने आणला. दिग्दर्शन चंद्रकांत कुलकर्णी यांचे, गांधींच्या भूमिकेत अतुल कुलकर्णी. फिरोज खान यांनी १९९८मध्ये ‘महात्मा व्हर्सेस गांधी’ हे इंग्रजी नाटक केले. त्यात नसीरुद्दीन शाह आणि के. के. मेनन समोरासमोर होते. प्रत्यक्षात हे भांडण बरेचसे पत्रांतून झाले. नाटकाला मात्र दोघांना एका दिव्याखाली उभे करावे लागते. चित्रपटाला चंदुलाल दलाल यांनी लिहिलेल्या हरिलाल यांच्या चरित्राचा आधार आहे. तो सुरू होतो मुंबईच्या रुग्णालयात. मळक्या कपड्यांतला रुग्ण वडिलांचे नाव ‘बापू’ सांगतो. ते तर साऱ्या देशाचे, तुझ्या बापाचे नाव काय, असे त्याला विचारले जाते. अख्ख्या कथेचा पेच एवढ्याशा प्रसंगात येतो.

हरिलाल अक्षय खन्ना यांनी, गांधी दर्शन जरीवाला यांनी आणि गुलाब भूमिका चावला यांनी साकारल्या. जरीवाला यांना सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पटकथेचा फिरोज खान यांना. सहायक अभिनेता हा गट बोलका आहे: इथे महात्मा मुलाच्या गोष्टीतले एक पात्र आहेत. १९८२च्या अ‍ॅटनबरो यांच्या ‘गांधी’त रोहिणी हट्टंगडी यांच्या कस्तुरबा ठसठशीत आहेत, पण थोरल्या मुलाला त्यात जवळपास जागा नाही. ‘गांधी, माय फादर’मध्ये शेफाली शहा यांच्या कस्तुरबांवरच खरा भार आहे, कारण नवरा आणि मुलगा यांपैकी एकाची निवड त्यांना करताच येत नाही. कटनी स्थानकावर गर्दीत गांधींचा जयजयकार चालू असताना हरिलाल कस्तुरबांचा जयजयकार करतात आणि हातातले संत्रे फक्त बांसाठी असल्याचे बजावतात, ही घडलेली घटना. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबा गेल्या. त्याआधी काही दिवस हरिलाल त्यांना भेटायला आले होते, तेव्हाही ते दारूच्या अमलाखाली होते.