संगणकावरील आराखडा : नांव कीं क्रमांक?

आराखडा काढणारा म्हटला कीं, उतरतें मेज, टी-स्क्वेअर, कंपास आणि टोंक काढलेली पेन्सिल असें चित्र एके काळीं डोळ्यांपुढें उभें राही. आतां त्या मेजाची जागा संगणकाच्या पडद्यानें घेतली आहे. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रसंस्थेंत आयव्हन सदरलंड यांनीं १९६३ सालीं 'स्केचपॅड' ही रचना पुढें मांडली आणि प्रकाशलेखणीनें पडद्यावर आकृति काढतां येतात हें दाखविलें. त्या बीजापासून पुढें जीं अनेक सॉफ्टवेअरें निघालीं, त्यांपैकींच 'फ्रीकॅड' हें एक होय. जगभरचे स्वयंसेवक तें घडवितात आणि तें कोणासहि विनामूल्य मिळतें. त्याचा आरंभ २००२ सालचा. परंतु आवृत्ति १.० प्रसिद्ध झाली ती नोव्हेंबर २०२४ मध्यें. दोन गोष्टी साधल्याखेरीज आपल्या कामाला पूर्णांक द्यावयाचा नाहीं, अशी घडविणाऱ्यांची धारणा होती. त्यांतील पहिली गोष्ट आहे नांवाची.

अशा सॉफ्टवेअरांत वस्तु एकदम काढीत नाहींत. ती पायरीपायरीनें घडवितात. प्रथम सपाट रेखाकृति, मग तिला जाडी देऊन ठोकळा, मग ठोकळ्याच्या एका पृष्ठावर भोक, शेवटीं कडेला गोलाई. या सर्व पायऱ्या संगणक स्मरणांत ठेवतो. त्यामुळें पहिल्या पायरीचें माप बदललें कीं पुढील सर्व पायऱ्या तो स्वतःच पुन्हां करतो. या पद्धतीचा मोठा लाभ तो हाच, आणि अडचणीचें मूळहि येथेंच आहे.

भोक कोणत्या पृष्ठावर पाडावयाचें हें माणूस बोट दाखवून सांगतो. संगणकाला मात्र तें कांहीं खुणेनें ध्यानांत ठेवावें लागतें. जुन्या आवृत्तींत ही खूण म्हणजे केवळ क्रमांक असे : पृष्ठ सहावें, कड तिसरी. मूळ रेखाकृतीचा एक कोपरा छाटला कीं ठोकळ्याला नवें पृष्ठ फुटे आणि क्रमांकांची घडी विस्कटे. कालचें सहावें पृष्ठ आज सातवें होई. संगणक मात्र सहाव्यावरच भोक पाडी. पुष्कळदां पुढची रचना मोडून पडे व तशी सूचना मिळे. कधीं कधीं कसलीहि सूचना न मिळतां भोक भलत्याच पृष्ठावर जाऊन बसे. वेळीं लक्षांत आलें तर दिवसाचें काम वायां; न येतां आराखडा कारखान्यांत गेला, तर लोखंडहि वायां.

रांगेंतील माणसाला 'तिसरा' एवढ्याच खुणेनें ओळखण्यासारखा हा प्रकार झाला. पुढें कोणी शिरला कीं तिसरा चौथा होतो. महाराष्ट्रांत नांव सांगतांना वडिलांचें नांव व आडनांव जोडण्याची रीत आहे. रांग कितीहि हालली तरी तेवढ्यावरून माणूस सांपडतो. आवृत्ति १.० नें हाच मार्ग धरला आहे. कोणतें पृष्ठ कोणत्या रेषेपासून व कोणत्या पायरीनें जन्मलें, याची नोंद आतां त्याच्या नांवांतच राहते. क्रमांक बदलला तरी कूळ बदलत नाहीं, म्हणून भोक आपल्या जागीं राहतें.

हा उपाय रामबाण मात्र नव्हे. मूळ रेषाच पुसून टाकली तर तिच्यापासून झालेल्या पृष्ठाचा वंशच खुंटतो, आणि तेथें माणसालाच पुन्हां बोट दाखवावें लागतें.

दुसरी गोष्ट सुट्या भागांच्या जुळणीची. पूर्वी तिच्यासाठीं बाहेरचीं पूरक साधनें जोडावीं लागत. आतां ती सोय मूळ सॉफ्टवेअरांतच आली आहे. एक भाग जागीं खिळवावयाचा व बाकीचे सांध्यांनीं जोडावयाचे. कोणता सांधा बिजागरीप्रमाणें फिरतो, कोणता मेजाच्या खणाप्रमाणें सरकतो, कोणता खांद्याच्या सांध्याप्रमाणें सर्व बाजूंनीं वळतो. एक भाग ओढला कीं दुसरे कसे हालतात, हें वस्तु घडण्यापूर्वींच दिसतें. इमारतींच्या आराखड्यांचीं साधनेंहि याच आवृत्तींत एकत्र आणलीं आहेत.

महागडें सॉफ्टवेअर न परवडणारा विद्यार्थी वा लहान कारखानदार यांना या सुधारणांचें मोल विशेष वाटेल. तरीहि जाणता आराखडाकार जुनी सावधगिरी सोडीत नाहीं. शक्य तेथें तो रेखाकृति ठोकळ्याच्या पृष्ठावर न बसवितां मूळ आधारपातळीवर बसवितो, आणि पहिलें माप बदललें कीं शेवटच्या भोकापर्यंत सर्व पायऱ्या डोळ्यांखालून घालतो.