दरबारातील चितारी

सावंतवाडीच्या राजवाड्याच्या आवारातील एक वास्तू अलीकडे पाहुण्यांच्या मुक्कामासाठी सुसज्ज झाली, तेव्हापासून आमच्या वाडीतील प्रतिष्ठितांना गंजिफांचा, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांचा, जो अभिमान अकस्मात स्फुरला आहे, तो पाहून मला त्यांचेच जुने उद्गार आठवतात.

राजवाड्याच्या पूर्वेतिहासात मी फार वेळ दवडणार नाही. १७५५ ते १८०३ या प्रदीर्घ कारकिर्दीत तिसऱ्या खेमसावंतांनी तो बांधला. दिल्लीच्या बादशहाकडून त्यांना ‘राजेबहादूर’ हा किताब मिळाला, तो करवीरकरांना सलला आणि उभय दौलती लढायांत जेर झाल्या. १८३८ साली इंग्रजांनी कारभार हाती घेतला आणि १९४८ साली संस्थान विलीन झाले. थोड्याफार फरकाने ही कहाणी कोणत्याही संस्थानाची.

माझे मन गुंतले आहे ते १९७१ नंतरच्या दशकात. संस्थानिकांचे तनखे खालसा झाल्यावर ‘आता या जांभ्या चिऱ्यांच्या वाड्यात भाताच्या गोणी रचा’ असे म्हणणारे विद्वान गावात कमी नव्हते. आणि वाडीचे राजे शिवरामराजे व राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिराकडून मरणपंथाला लागलेली गंजिफांची विद्या घेऊन खुद्द दरबारात लाखकामाचा कारखाना मांडला, तेव्हा ‘राजा पत्ते रंगवतो’ ही थट्टा चावडीपासून बाजारापर्यंत पिकली. त्या दरबारात मुजऱ्याचा दबदबा मी पाहिला नाही, पण हंड्याझुंबरांखाली बैठक मारून, चिंचोक्याच्या खळीने सिद्ध केलेल्या वर्तुळाकार चकत्यांवर मत्स्य-कूर्म रेखाटणारी तरुण मुले पाहिली, आणि खेमसावंतांच्या किताबापेक्षा तीच मला त्या घराण्याची खरी सनद वाटली.

शिवरामराजे १९९५ साली गेले, राणीसाहेब २०१८ साली. थट्टा करणारे आता तीच गंजिफा चौकटीत मढवून पाहुण्यांना भेट देतात. खेळणारा मात्र गावात शोधावा लागतो! दशावताराच्या १२० पानांपैकी दहा पाने भिंतीवर टांगून उरलेली कपाटात कोंडणे, याला मी कलेचे रक्षण म्हणत नाही.

वाचकहो, वाडीला गेलात तर सुटी पाने न घेता सबंध जोड घ्या, आणि घरी तिघे बसून खेळा. दिवसा रामाचा राजा ज्याच्या हाती, त्याची पहिली उतारी, रात्री कृष्णाचा.