पाटीच्या दगडाचं गाव

आपल्यापैकी अनेकांनी श्रीगणेशा गिरवला तो दगडी पाटीवर. पाटी फुटली की घरी बोलणी बसायची, ती वेगळीच! त्या पाटीचा दगड म्हणजे स्लेट. हाच दगड फोडण्यासाठी दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी काही माणसं समुद्र ओलांडून अमेरिकेत आली आणि येताना आपली भाषाही घेऊन आली.

पेनसिल्व्हेनियाच्या यॉर्क काउंटीत, अगदी दक्षिण टोकाला, डेल्टा नावाचं छोटंसं गाव आहे. त्याला खेटून, मेसन-डिक्सन रेषेपलीकडे, मेरीलँडमधलं कार्डिफ. जवळच वेस्ट बँगोर. ही नावं थेट वेल्समधली. १८४० नंतरच्या दशकांत वेल्समधले खाणकामगार इथे येऊ लागले, कारण इथल्या डोंगरात काळसर-निळी 'पीच बॉटम' स्लेट होती. उन्हापावसात तिचा रंग उडत नाही, म्हणून छपरांसाठी तिला फार मागणी.

काम मात्र जिवावरचं. सुरुंग लावून ठोकळा मोकळा करायचा, खोल खड्ड्यातून डेरिकने वर ओढायचा. मग कारागीर रुंद पात्याची छिन्नी कडेला टेकवून हलकेच ठोके द्यायचा, की वहीची पानं सुटावीत तशी कौलं सुटायची. दगडात खाणीतली ओल असेपर्यंतच हे जमतं. वाळला की तो नीट फुटत नाही. हे कसब बापाकडून मुलाकडे जायचं. एवढं करून काढलेल्या दगडातला बराचसा भाग टाकाऊच निघायचा.

पुढे डांबरी शिंगल्स आले. स्वस्त, हलके, बसवायला सोपे. विसाव्या शतकात छपरांच्या स्लेटचा धंदा बसला आणि इथल्या खाणी एकेक करून बंद पडल्या. 'मा अँड पा' या लाडक्या नावाची बाल्टिमोर-यॉर्क रेल्वे डेल्टावरून जायची. तिचा मेरीलँडमधला मार्गही १९५८ साली बंद झाला.

आज काय उरलंय? पाण्याने भरलेले खड्डे, टाकाऊ दगडांचे ढीग, कूल्सनटाउनची दगडी घरं. स्लेटव्हिलच्या दफनभूमीत स्लेटच्याच शिळांवर वेल्श अक्षरं आहेत. ती कोरणाऱ्यांना बहुधा वाटलं असेल, नातवंडं ती वाचतील. पण शाळा इंग्रजी, दुकान इंग्रजी, लग्नंही इंग्रजी बोलणाऱ्यांशी. हळूहळू घरातलं वेल्श गेलं.

टिकली ती गाणी. वेल्श लोकांचा 'गमान्वा गानी' म्हणजे सगळ्यांनी मिळून चार सुरांत स्तोत्रं गाण्याचा मेळावा. अमेरिकेतल्या या मेळाव्यांत वेल्शचं एक वाक्यही बोलता न येणारी माणसं वेल्श ओळी मनापासून गातात. आपल्या गणपतीतलं चित्र आठवतंय ना? पोरं आरत्या धडाधड म्हणतात. अर्थ विचारला की एकमेकांच्या तोंडाकडे बघतात!

आपल्या पहिल्या पिढीला इथे येऊन पन्नासएक वर्षं झाली. म्हणजे वेल्श मंडळींच्या वाटेवर आपण नातवंडांच्या मुक्कामाशी पोचलो आहोत. आरती पाठ करून घेतो ते चांगलंच, पण जेवताना, गाडीत, भांडताना मराठी बोलणं हे जास्त महत्त्वाचं, असं डेल्टा पाहून वाटतं.

तिकडे जाणार असाल, तर डेल्टाचं ओल्ड लाइन म्युझियम आणि दफनभूमी बघा. खाणींच्या खड्ड्यांजवळ मात्र जाऊ नका, पाणी फार खोल आहे. मुलांना अवश्य न्या, आणि वाटेत त्यांना पाटीची गोष्ट सांगा. मराठीतून!