जुन्या पुंगळीतली रिकामी जागा

अमेरिकी लष्कराने १८७३ साली कोल्टचे ‘सिंगल अॅक्शन आर्मी’ रिव्हॉल्व्हर स्वीकारले आणि त्यासोबत .४५ कोल्ट हे काडतूस आले. दीडशे वर्षे झाली तरी ते आजही कारखान्यांत तयार होते, आणि अमेरिकेतले हौशी नेमबाज वापरलेल्या पुंगळ्या घरी पुन्हा भरतात. तिकडे राहणाऱ्या कुणा मराठी माणसाला हा छंद कायदेशीरपणे जोपासता येतो. भारतात मात्र परवान्याशिवाय काडतूस तयार करणे हा १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली गंभीर गुन्हा आहे, तेव्हा पुढचे सगळे तिकडच्या संदर्भातच वाचावे.

नवशिक्याला हमखास ऐकू येणारे वाक्य असे: ‘जुने काडतूस आहे, दाब कमी, शिकायला सगळ्यांत सुरक्षित.’ दाब कमी असतो हे खरे. सुरक्षिततेचा निष्कर्ष मात्र चुकीचा, आणि त्याचे कारण पुंगळीच्या आकारात आहे. ही पुंगळी काळ्या दारूसाठी बेतलेली. मूळ भरणा ४० ग्रेन, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅम काळी दारू, आणि तिने पुंगळी गोळीच्या बुडापर्यंत भरून जाई. नंतर धूररहित दारू आली. तिचे थोडेसे मापही तेवढेच काम करते, त्यामुळे पुंगळीचा मोठा भाग रिकामा राहतो. त्या रिकाम्या जागेत चुकून दुसरे माप पडले तरी दारू बाहेर सांडत नाही, गोळी नेहमीसारखी बसते आणि काडतूस बाहेरून अगदी निर्दोष दिसते. ते उडाले की सिलिंडर फुटू शकतो.

यावर उपाय साधा आहे, पण तो दर वेळी करावा लागतो. दारू घातलेल्या पुंगळ्या भोकांच्या ठोकळ्यात ओळीने उभ्या करायच्या आणि गोळी बसवण्याआधी प्रत्येकीत विजेरीच्या उजेडात डोकावायचे. सगळ्यांत दारूची पातळी सारखी दिसली पाहिजे. शंका आली तर ती पुंगळी ओतून पुन्हा भरावी. टेबलावर एका वेळी एकाच दारूचा डबा ठेवावा. जुन्या मोठ्या पुंगळ्यांसाठी मुद्दाम फुगीर दाण्यांची ‘ट्रेल बॉस’ नावाची दारू निघाली होती, तीही याच रिकाम्या जागेमुळे.

दुप्पट मापाची भीती मनात बसली की नवशिक्या उलट टोकाला जातो: ‘थोडी कमी घातली की निर्धास्त.’ तेही चूक. दारू फार कमी पडली, किंवा मुळीच पडली नाही, तरी पुंगळीच्या बुडातल्या, ठिणगी देणाऱ्या टोपीच्या जोरावर गोळी नळीत शिरून मध्येच अडकू शकते. हा फुसका बार. आवाज दबका येतो, झटका जाणवत नाही, आणि नेम धरण्याच्या नादात पुढचा चाप ओढला तर नळी फुगते किंवा फाटते. आवाज वेगळा वाटला की थांबावे, शस्त्र रिकामे करावे आणि नळी आरपार मोकळी आहे का ते पाहावे. भरण्याच्या पुस्तिकेत किमान माप दिले असेल तर तेही कमाल मापाइतकेच पाळायचे असते.

काळ्या दारूचा नियम नेमका उलटा. तिच्यात आणि गोळीत पोकळी ठेवायची नाही. गोळी बसताना दारू किंचित दाबली गेली पाहिजे. म्हणूनच ठासणीच्या बंदुकीची सवय असलेल्याने धूररहित दारू त्याच हाताने भरणे घातक ठरते. काळी दारू परंपरेने आकारमानाने मोजतात, धूररहित दारू वजनावर तपासून घेतात. एकीचे आकडे दुसरीला कधीही लावू नयेत. ‘४० ग्रेन’ वाचून कुणी धूररहित दारूने पुंगळी भरली तर शस्त्र हातातच फुटेल. आणि ग्रेन म्हणजे दारूचे दाणे नव्हेत. ते वजन आहे, ६४.८ मिलिग्रॅमचे, सोनाराची एक गुंज जवळजवळ दोन ग्रेन भरते.

‘टोपी चपटी झाली नाही, पुंगळी सहज निघाली, म्हणजे दाब ठीक आहे’ या समजाची मला सर्वाधिक काळजी वाटते. .४५ कोल्टची अमेरिकी उद्योगमानकातली कमाल मर्यादा दर चौरस इंचाला १४,००० पौंड आहे; .४४ मॅग्नमची ३६,०००. पुंगळीच्या पितळेवर खुणा उमटतात त्या १४,००० च्या बऱ्याच वर. जुन्या कोल्टच्या सिलिंडरच्या भिंती पातळ, म्हणजे खूण दिसेपर्यंत शस्त्र आपली सीमा ओलांडून गेलेले असते. पुस्तिकांत दणकट आधुनिक रिव्हॉल्व्हरांसाठी जास्त दाबाचे वेगळे तक्ते असतात. पुंगळी तीच, म्हणून ते काडतूस जुन्या कोल्टमध्येही बिनतक्रार बसते. अशी काडतुसे घरात ठेवायचीच असतील तर डबा वेगळा आणि चिठ्ठी ठळक हवी. एकोणिसाव्या शतकातले मूळ शस्त्र असेल तर त्यात धूररहित दारू घालूच नये.

पुंगळीच्या बाहेरून काजळी दिसली की अनेक जण घाबरतात. कमी दाबात पितळ पुरेसे फुगून सिलिंडरमधल्या कोठडीला चिकटत नाही, वायू मागे येतो आणि काजळी धरते, एवढेच.

गोळीचे शिसे जितके कठीण तितके चांगले, हेही या काडतुसाला लागू नाही. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या नळ्यांचा खाचांतला व्यास साधारण .४५४ इंच, नंतरच्यांचा .४५१ ते .४५२. रुंद नळीत बारीक आणि कठीण गोळी गेली तर या दाबाला ती फुगत नाही, गरम वायू बाजूने निसटतो आणि शिसे नळीला थापले जाते. आधी नळीतून मऊ शिशाचा तुकडा ढकलून माप घ्यावे, मग गोळी निवडावी. पुंगळीची कड गोळीच्या खाचेत नीट वळवावी. नाहीतर झटक्याने बाकीच्या गोळ्या पुढे सरकतात आणि सिलिंडर अडतो.

शिशाचा धोका फक्त ते वितळवणाऱ्यालाच असतो असेही समजू नये. बहुतेक टोप्यांच्या मिश्रणात शिशाचे संयुग असते, आणि वापरलेल्या पुंगळ्या साफ करताना उडणाऱ्या धुळीत ते येते. हे काम घराबाहेर करावे, टेबलाशी खाणेपिणे नको, काम झाले की साबणाने हात धुवावेत, आणि त्या कपड्यांनी लहान मुलाला उचलून घेऊ नये.