सोर्स कोडपासून मराठी पडद्यापर्यंत

वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला आणि त्याच महिन्याच्या १२ तारखेला केडीई या मुक्त डेस्कटॉप पर्यावरणाची पहिली पूर्ण आवृत्ती प्रसिद्ध झाली. या दोन घटनांचा परस्परांशी काडीचाही संबंध नाही. तरीही कारंजा तालुक्यातील धनजसारख्या गावाच्या नजरेतून सोर्स कोडपासून डेस्कटॉप उभारण्याच्या विषयाचा मागोवा घ्यायचा तर आरंभ इथून धरणे सोयीचे ठरते. स्वतः कम्पाइल केलेल्या प्रणालीवर कोणता डेस्कटॉप उभारावा, या प्रश्नाचे उत्तर विजेचा भरवसा, यंत्राची कुवत आणि मराठी अक्षरांची शुद्धता यांवर अवलंबून राहिले आहे, आणि यांपैकी एकाही बाबतीत शहर आणि खेडे कधी एका पातळीवर नव्हते.

डेस्कटॉप पर्यावरण म्हणजे खिडक्या, पॅनेल, मेनू, फाइल व्यवस्थापक आणि सेटिंग्ज यांचा परस्परांशी मेळ असलेला संच होय. पडद्यावर चित्र उमटवण्याचे काम त्याच्या खालचा एक्स विंडो सिस्टिम हा थर करीत आला असून अलीकडे त्याची जागा वेलँड घेत आहे. बहुतेक लोक हे सारे तयार स्वरूपात बसवतात. परंतु मूळ सोर्स कोड आणून तो आपल्याच यंत्रावर कम्पाइल करण्याची, म्हणजे यंत्राला चालवता येईल अशा रूपात आणण्याची रीत गेरार्ड बीकमन्स यांच्या ‘लिनक्स फ्रॉम स्क्रॅच’ने १९९९ पासून पुस्तकरूपाने समजावून दिली, आणि डॅनियल रॉबिन्स यांच्या जेंटू या लिनक्स वितरणाने, ज्याची पहिली पूर्ण आवृत्ती २००२ मध्ये आली, त्याच रीतीला स्वयंचलित रूप दिले.

प्रारंभीच्या वर्षांत निवड मुख्यतः केडीई आणि ग्नोम यांच्यात होती. माथियास एट्रिच यांनी १९९६ मध्ये जाहीर केलेले केडीई ज्या क्यूटी या लायब्ररीवर उभे होते, तिचा परवाना पूर्णपणे मुक्त नसल्याने १९९७ मध्ये मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना यांनी ग्नोमचा आरंभ केला. क्यूटी २००० मध्ये जीपीएल या मुक्त परवान्याखाली आल्यावर तात्त्विक वाद मिटला, पण बांधणाऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचा भेद कायम राहिला: ग्नोम मुख्यतः सी भाषेत, तर केडीई सी प्लस प्लस भाषेत लिहिलेले होते, आणि सी प्लस प्लसमधील कोड कम्पाइल होण्यास सी भाषेतील कोडपेक्षा बराच अधिक वेळ आणि मेमरी लागते.

हा वेळेचा भेद विदर्भाच्या ग्रामीण भागात निर्णायक होता, कारण २००५ नंतरची काही वर्षे तेथे भारनियमन हा दिनक्रमाचाच भाग झाला होता आणि क्यूटीसारखी लायब्ररी त्या काळच्या घरगुती संगणकावर सलग कित्येक तास घेत असे. कम्पाइल करवून घेणारा ‘मेक’ हा प्रोग्राम फाइलींच्या वेळा ताडून पाहतो आणि तयार झालेला भाग पुन्हा करीत नाही, त्यामुळे वीज परत आल्यावर काम पुढे चालू करता येते. पण वीज जाताना जी ऑब्जेक्ट फाइल लिहिली जात होती ती कित्येकदा रिकामी किंवा अर्धवट राहते, ‘मेक’ मात्र तिची वेळ पाहून तिला पूर्ण समजतो, आणि बिघाड उघडकीस येतो तो थेट शेवटी, सर्व भाग जोडताना. अशा वेळी ती एक फाइल शोधून पुसणे एवढाच उपाय असतो. जेंटूमध्ये तर खंडित झालेले पॅकेज नेहमीच्या पद्धतीने पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. म्हणून डेस्कटॉप किती मोठा आहे यापेक्षा तो किती लहान तुकड्यांत विभागलेला आहे, ही कसोटी खेड्यात अधिक खरी होती. ऑलिव्हिए फुर्दाँ यांनी १९९६ मध्ये सुरू केलेले एक्सएफसीई या कसोटीला सर्वांत चांगले उतरते. त्याचा गाभा डझन-दीड डझन छोट्या पॅकेजांचा असून त्यांतील एखादे वाया गेले तरी नुकसान काही मिनिटांचेच होते.

मराठीचा प्रश्न मात्र याहून खोल होता. देवनागरीत अक्षरे एकापुढे एक मांडून भागत नाही. जोडाक्षर घडवणे, ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी नेणे, रफार पुढच्या अक्षरावर चढवणे ही कामे ‘शेपिंग’ करणाऱ्या इंजिनाला करावी लागतात. ग्नोमकडे त्यासाठी पँगो होते, क्यूटीचे इंजिन स्वतंत्र होते, लिबरऑफिस हा कार्यालयीन संच तिसऱ्याच इंजिनावर विसंबून होता. परिणामी एकाच संगणकावर एकच शब्द निरनिराळ्या खिडक्यांत निरनिराळा दिसू शकत असे. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतील भेद, म्हणजे रफार आणि अर्धा चंद्राकृती र, ही मराठीची खरी परीक्षा होती. युनिकोडमध्ये हा दुसरा र नुक्तायुक्त ‘ऱ’ला हलन्त जोडून मिळतो, त्याशिवाय साध्या र आणि हलन्तापुढे अदृश्य जोडचिन्ह देण्याची जुनी पद्धतही मान्य आहे, आणि इंजिनाला दोन्ही कळाव्या लागतात.

हा गुंता सुटला तो हार्फबझ या सामाईक इंजिनामुळे. पँगोने २०१२ मध्ये त्याची नवी आवृत्ती स्वीकारली, लिबरऑफिस २०१३ मध्ये त्याकडे वळले आणि क्यूटीच्या पाचव्या पिढीनेही तोच मार्ग धरला. फॉन्टच्या बाजूने रेड हॅटने २००४ मध्ये मुक्त केलेल्या लोहित फॉन्टसंचाचे मोल मोठे आहे, आणि पुण्यातील अभियंत्यांनी त्याची वर्षानुवर्षे निगा राखली, ही गोष्ट महाराष्ट्राने कृतज्ञतेने नोंदवून ठेवावी अशी आहे. ल आणि श यांची मराठी वळणे हिंदीहून वेगळी असून महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या निर्णयातही त्यांचा विचार झाला आहे. फॉन्टमध्ये ही वळणे असली तरी मजकूर मराठी असल्याचे इंजिनाला कळल्यासच ती पडद्यावर येतात. तयार वितरणात ही सोय बहुधा आयती मिळते. स्वतः प्रणाली बांधणाऱ्याने मात्र मराठी-भारत हे लोकेल, म्हणजे भाषा आणि प्रदेश यांच्या संकेतांची फाइल, आठवणीने तयार करावे लागते. फॉन्टमधील अक्षरे रेखाटणारी फ्रीटाइप ही लायब्ररी आणि हार्फबझ यांच्या परस्परावलंबनाकडेही असेच लक्ष द्यावे लागे: आधी फ्रीटाइप बांधायचे, त्यावर हार्फबझ, आणि मग पुन्हा एकदा फ्रीटाइप, असा क्रम ‘बियाँड लिनक्स फ्रॉम स्क्रॅच’ या पूरक ग्रंथाने दीर्घकाळ सांगितला.

पुढच्या काळात मोठ्या डेस्कटॉपांनी बांधणाऱ्यावरील भार वाढवत नेला. स्लॅकवेअर या वितरणाच्या पॅट्रिक फोल्कर्डिंग यांनी २००५ मध्येच ग्नोमला निरोप दिला होता, कारण त्याची पॅकेजे सांभाळणे एकट्याच्या आवाक्यातले राहिले नव्हते. २०११ मधील तिसऱ्या ग्नोमने सवयीची मांडणी बदलली, त्यातून जुने रूप जपणारे मॅटे निघाले. त्यानंतर ग्नोम सिस्टमडी या सेवाव्यवस्थापकावर अधिकाधिक विसंबत गेले. चित्रे रेखाटणारी लिबआरएसव्हीजी ही लायब्ररी रस्ट भाषेत गेल्यापासून तर एका चिन्हसंचासाठीही रस्टचा अवजड कम्पायलर जवळ बाळगावा लागतो, आणि यातून एक्सएफसीईचीही सुटका झालेली नाही. केडीईने २०१४ मध्ये आपल्या लायब्ररीचे अनेक छोट्या भागांत विभाजन केले, हे या सर्व काळातील सर्वांत शहाणपणाचे पाऊल म्हटले पाहिजे. मात्र क्यूटी अजूनही तेवढीच मोठी आहे.

शेपिंग सामाईक झाल्यामुळे मराठीच्या शुद्धतेसाठी अमुकच डेस्कटॉप हवा, ही सक्ती आता उरलेली नाही. ज्यांना पडदा वाचून दाखवणाऱ्या ओर्काची गरज आहे अशा दृष्टिहीन वापरकर्त्यांनी कष्ट पडले तरी ग्नोम किंवा मॅटेच बांधावे. इतरांसाठी, म्हणजे धनजच्या एखाद्या घरातील जुन्या, चार जीबी मेमरीच्या संगणकावर आणि बेभरवशाच्या विजेवर स्वतःची प्रणाली उभारू पाहणाऱ्यासाठी, एक्सएफसीई, लोहित देवनागरी आणि इन्स्क्रिप्ट कळफलक ही जोडणीच आजही सर्वांत योग्य आहे.