माहितीचा माग : बार्शीटाकळीच्या शिलालेखाचे उदाहरण

प्रकल्पासाठी विषय निवडताना आपल्या गावातील मंदिर, बोली किंवा यात्रा यांकडे अनेकांचा कल असतो. हे विषय चांगलेच आहेत. मात्र नोकरी, घर, शेती सांभाळून अभ्यास करताना भ्रमणध्वनीवर प्रथम दिसलेली माहिती जशीच्या तशी उतरवण्याचा मोह होतो. माहिती शोधणे, पारखणे आणि तिच्या उगमाची नोंद ठेवून ती वापरणे या क्षमतेस ‘माहिती साक्षरता’ म्हणतात. तिचे स्वरूप एका उदाहरणाने समजून घेऊ.

अकोला जिल्ह्यातील बार्शीटाकळी येथे कालंका देवीचे प्राचीन दगडी मंदिर आहे. ‘हे मंदिर हेमाडपंती आहे, म्हणून ते हेमाडपंताने बांधले,’ असे कोणी म्हटल्यास हे विधान कसे पारखावे?

१. शब्दांचा अर्थ निश्चित करणे : ‘हेमाडपंती’ हे एका बांधकामपद्धतीचे रूढ नाव आहे. घडीव दगड चुन्याविना एकमेकांत बसवणे हे तिचे वैशिष्ट्य. पद्धतीच्या नावावरून बांधणारा सिद्ध होत नाही. हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत हा देवगिरीच्या महादेव व रामचंद्र या यादव राजांचा मंत्री होता. त्याचा काळ तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातील आहे.

२. मूळ साधनापर्यंत जाणे : या मंदिरातील संस्कृत शिलालेख शक १०९८ चा आहे. शकात ७८ मिळवल्यास इसवी सन ११७६ येतो. महादेव यादव १२६१ च्या सुमारास गादीवर आला. म्हणजे लेख हेमाडपंताच्या मंत्रिपदाहून सुमारे पंच्याऐंशी वर्षे जुना ठरतो. लेख मंदिराच्या बांधणीशी निगडित आहे, की दगड अन्यत्रून आणला आहे, हेही अभ्यासकाने पाहावे लागते.

३. नामसाम्यापासून सावध राहणे : या लेखात हेमाद्रिदेव नावाच्या राजाचा उल्लेख आहे. घाईने वाचणाऱ्यास तो हेमाडपंताचा पुरावा वाटेल. पण हा राजा आणि तो मंत्री, दोघांत जवळजवळ शतकाचे अंतर आहे. दोघांना एक मानल्यास वऱ्हाडातील एका राज्यकर्त्याचे नाव त्याच्याच गावाच्या इतिहासातून पुसले जाते. वरवर किरकोळ दिसणाऱ्या चुकीचा परिणाम असा मोठा असतो.

४. शोधशब्द विचारपूर्वक निवडणे : केवळ ‘बार्शी’ असा शोध घेतल्यास सोलापूर जिल्ह्यातील बार्शी समोर येते, टाकळी नावाची गावे तर महाराष्ट्रात ठिकठिकाणी आहेत. ‘बार्शीटाकळी’, ‘बार्शी टाकळी’ ही दोन्ही रूपे वापरून पाहावीत. जुन्या इंग्रजी लेखनात ‘श’च्या जागी ‘स’ आढळतो, हेही ध्यानी ठेवावे. जोडीला जिल्ह्याचे नाव द्यावे.

५. साधनांची प्रतवारी करणे : शिलालेख हे प्राथमिक साधन होय. अशा लेखांची संपादित वाचने ‘एपिग्राफिया इंडिका’सारख्या नियतकालिकांत मिळतात. जिल्हा गॅझेटिअर व मराठी विश्वकोश ही दुय्यम, परंतु दिशा दाखवणारी साधने आहेत. दहा संकेतस्थळांवर एकच मजकूर शब्दशः आढळला, तर तो दहा जणांचा नव्हे, एकाचाच पुरावा समजावा.

६. नोंद ठेवणे : लेखक, ग्रंथ, प्रकाशक, वर्ष व पृष्ठ वाचतानाच टिपावे. संकेतस्थळ असल्यास ते पाहिल्याचा दिनांक लिहावा. शब्दशः उतारा अवतरणचिन्हांत घ्यावा. स्वतःचे मत वेगळे ठेवावे.

मग वडीलधाऱ्यांनी सांगितलेल्या आख्यायिकेचे काय करावे? ती टाकून देऊ नये. बांधकामाच्या काळासाठी तिचा पुरावा दुबळा असला, तरी लोकांनी मंदिर कसे स्मरणात ठेवले, याचा तो अस्सल पुरावा असतो. सांगणाऱ्याची परवानगी घेऊन दिनांकासह ती नोंदवावी. वऱ्हाडी शब्द प्रमाणभाषेत न बदलता ऐकले तसेच लिहावेत.

उपक्रम : आपल्या गावाविषयी सर्वत्र सांगितले जाणारे एक विधान निवडा. ते प्रथम कोणत्या साधनात आढळते, याचा शोध घ्या. त्या साधनाचा काळ आणि वर्णिलेल्या घटनेचा काळ यांतील अंतर लिहा. विधान सिद्ध होते, संशयित राहते की बाद ठरते, हे कारणांसह दहा ओळींत मांडा.