बेटावर जायचं, पण कोणत्या?

परीक्षा संपत आल्या की घराघरातल्या मोबाइलवर निळ्या पाण्याचे फोटो फिरू लागतात. मालदीव, अंदमान, लक्षद्वीप, बाली, लंकावी. ‘चार रात्री, पाच दिवस’ आणि खाली मोठ्या अक्षरांत रक्कम. समुद्रकाठच्या माणसांनी बेट बघायला इतक्या लांब कशाला जायचं, असं घरातली वडीलधारी माणसं विचारतात, आणि त्यांचं अगदीच चुकत नाही. मालवणसमोरच्या कुरटे बेटावर 1664 मध्ये शिवाजी महाराजांनी बांधायला घेतलेला सिंधुदुर्ग उभा आहे. चहूबाजूंनी खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. हे ज्यांनी पाहिलं नाही, त्यांनी आधी ते पाहावं. पावसाळ्यात होड्या बंद असतात, एवढं लक्षात ठेवावं.

तरीही दूर जायची इच्छा असेल तर ती नाजायज नाही. कुरआनात भूमीवर फिरून पाहण्याचा उल्लेख अनेक ठिकाणी आहे. मात्र ‘सर्वांत सुंदर बेट कोणतं’ हा प्रश्न निरुपयोगी आहे. सगळीच सुंदर आहेत. घरातल्या बायकांना तिथे पाण्यात उतरता येईल का, हे मी आधी विचारेन.

कारण आपल्याच किनाऱ्याकडे पाहा. जन्म समुद्राच्या आवाजात गेला, पण गुडघ्याच्या वर पाण्यात गेलेल्या आपल्या किती बायका असतील? मुलं डुंबतात, पुरुष डुंबतात, आणि आपण वाळूत बसून चपला आणि मोबाइल राखतो. हजारो रुपये खर्चून दुसऱ्या बेटावर जायचं आणि तिथेही चपलाच राखायच्या असतील, तर ती सहल कुटुंबाची कशी म्हणायची?

या दृष्टीने पाहिलं तर लक्षद्वीप आणि मालदीवचं पाणी वेगळं आहे. ही प्रवाळाची बेटं. प्रवाळाची रांग मोठ्या लाटा बाहेरच अडवते, त्यामुळे आतलं पाणी बहुतेक वेळा उथळ आणि शांत असतं. पोहता न येणारी बाईही स्थानिकांना विचारून योग्य जागी कमरेएवढ्या पाण्यात उभी राहू शकते. आपल्या उघड्या किनाऱ्यावर ते धाडस करू नये.

मालदीवमध्ये दोन जगं आहेत, हे जाहिरातीत सांगत नाहीत. रिसॉर्टच्या बेटांवर दारू आणि डुकराचं मांस मिळतं. वस्तीच्या बेटांवर दारू मिळत नाही, मशिदी आहेत, साधी गेस्टहाउस आहेत, आणि तिथल्या बायका पूर्ण कपड्यांत समुद्रात उतरतात. बिकिनीसाठी वेगळा किनारा राखलेला असतो. आपल्या घरांना हीच बेटं बरी आणि स्वस्तही. मात्र विमानतळापासून बेटापर्यंतच्या बोटीचं भाडं पॅकेजमध्ये धरलंय का, ते आधी विचारावं. जाता जाता एक गंमत. चौदाव्या शतकात प्रवासी इब्न बतूता मालदीवचे काझी होते. बायकांच्या पेहरावाबद्दल त्यांनी हुकूम काढले, पण कोणी ऐकलं नाही, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय.

माझा कौल लक्षद्वीपला. एकूण 36 बेटं, वस्ती 10 वर, आणि सगळी जमीन मिळून 32 चौरस किलोमीटर. पासपोर्ट लागत नाही, पण भारतीयांनाही प्रशासनाचा प्रवेश परवाना काढावा लागतो. बंगारमचा अपवाद सोडला तर दारूबंदी आहे. लोकसंख्येत 95 टक्क्यांहून अधिक मुसलमान, आणि तेही आपल्या कोकणी मुसलमानांसारखे शाफई. मशिदीत फजरला कुनूत ऐकली की परकं वाटणार नाही. अरबी व्यापाऱ्यांच्या गलबतांबरोबर कोकण, मलबार, मालदीव, मलाया असा सगळ्या किनाऱ्यांवर हा मस्लक पोचला. कवरत्तीच्या उजरा मशिदीतलं लाकडी कोरीवकाम बघण्यासारखं आहे. मिनिकॉयमध्ये तर मालदीवच्या भाषेचीच बहीण बोलतात, आणि 1885 चा दीपस्तंभ आहे.

अडचणीही सांगते. कोचीहून जहाजाला चौदा ते अठरा तास लागतात, कधी जास्तही. काही बेटांपाशी जहाज बाहेरच थांबतं आणि हलत्या होडीत उतरावं लागतं. गुडघे दुखणाऱ्या आजीला नेणार असाल तर अगत्तीचं विमान बघा. शाफई मस्लकात सफरात जोहर-असर आणि मगरिब-इशा जमा करता येतात, त्याची जहाजावर मोठी सोय होते. भाजीपाला बाहेरून येतो, तेव्हा रोज हिरवी भाजी मागू नये. मासे आणि नारळ मुबलक.

आता सुट्टीचा घोळ. मे महिन्यात लक्षद्वीपचा समुद्र खवळू लागतो, मालदीवचा पावसाळा सुरू होतो, आणि अंदमानात मान्सून आपल्याआधी पोचतो. शिवाय या वर्षांत बकरी ईद मेमध्येच येते आहे. 2027 मध्ये ती मेच्या मध्यावर असेल. मेमध्येच जायचं असेल तर बालीशेजारचं लोंबोक बघा. तिथे तेव्हा कोरडा हंगाम असतो, बहुसंख्य मुसलमान आहेत, आणि मशिदी इतक्या की त्याला हजार मशिदींचं बेट म्हणतात. बालीत हलाल खाणं शोधावं लागतं, लोंबोकमध्ये ते शोधावं लागत नाही. अंदमानला नाताळच्या सुट्टीत जावं, आणि मुलांना केवळ किनारे दाखवून आणू नये. सेल्युलर जेल दाखवावाच, आणि 1857 च्या उठावानंतर काळ्या पाण्यावर धाडलेले मौलाना फजले हक खैराबादी 1861 मध्ये तिथेच वारले, हेही सांगावं.

पैशांबद्दल एकच. हप्त्यांवरची परदेश सहल सध्या सहज मिळते. व्याज भरून बेट बघण्यापेक्षा दोन वर्षं थांबावं. आणि हज फर्ज झालेला असेल तर त्यासाठी साठवलेल्या पैशाला हात लावू नये.

लक्षद्वीपला दिवाळीच्या सुट्टीत जायचं असेल तर गणपतीच्या आसपासच परवान्याची चौकशी सुरू करावी. कोकण रेल्वेने एर्नाकुलमला उतरता येतं. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं आणि दिवाळीच्या गाड्या लगेच भरतात. पाण्यात उतरायचे पूर्ण बाह्यांचे कपडे इथूनच घ्या. सुती नकोत, ते भिजून जड होतात. आणि घरातल्या मुलीबरोबर तिच्या अम्मीच्या मापाचेही घ्या.